बार्शी लाइट रेल्वेचा पुनर्जन्म

एखादा लोहमार्ग बंद पडला म्हणजे तो मेला, आणि त्यावरून पुन्हां गाडी धांवूं लागली म्हणजे तो जगला, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत पुरती खरी नाहीं. कित्येक मार्ग गाड्या धांवत असतांनाच निरुपयोगी होऊन बसतात. आणि कित्येकांचे रूळ उखडले जातात, इंजिनें भंगारांत निघतात, मूळचें मापहि शिल्लक राहत नाहीं, तरी त्यांचें कार्य मात्र नव्या देहांत पूर्वीपेक्षां अधिक जोमानें चालूं राहतें. मिरजेहून निघून पंढरपूर, कुर्डुवाडी व बार्शी या गांवांवरून लातुरास पोंचणारा जो लोहमार्ग, जुन्या लोकांच्या तोंडीं ज्याचें नांव आजहि 'बार्शी लाइट' असेंच आहे, त्याची हकीकत या दुसऱ्या प्रकारांत मोडते. हा मार्ग प्रथम कां झाला, मधल्या काळांत तो मरणपंथास कां लागला, त्याचें पुनरुज्जीवन कोणत्या रीतीनें झालें, आणि त्यापासून कोणास काय मिळालें व कोणाचें काय गेलें, हें क्रमानें पाहण्यासारखें आहे.

मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग १८६० सालीं सोलापुरापर्यंत येऊन पोंचला. सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी ही त्या काळींहि नामांकित बाजारपेठ होती. बालाघाटच्या डोंगरापलीकडचा निजामाच्या राज्यांतील कापूस, गळिताचीं धान्यें व इतर माल या पेठेंत उतरत असे. परंतु मुख्य लोहमार्ग बार्शीस न शिवतां सुमारें वीस मैल दूर राहून पुढें गेला. मग कंपनीनें आपल्या मार्गावर एक स्टेशन बांधलें आणि त्यास 'बार्शी रोड' असें नांव दिलें. तेंच आजचें कुर्डुवाडी.

रेल्वेच्या परिभाषेंत 'रोड' या शब्दाला एक विशिष्ट अर्थ आहे. ज्या स्टेशनाच्या नांवापुढें 'रोड' लागलेला असतो, तेथें तें गांव नसतें; त्या गांवाकडे जाण्याची वाट तेवढी असते. लातूर रोड, औसा रोड, कळंब रोड, जत रोड हीं सारीं नांवें असेंच सांगतात कीं, गाडी येथपर्यंत आली, पुढची सोय ज्याची त्यानें पाहावी. बार्शीच्या व्यापाऱ्यांस ही पुढची सोय बैलगाड्यांनीं करावी लागे. उन्हाळ्यांत धूळ, पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल, आणि कापसाच्या सुगींत गाड्यांची टंचाई, अशा स्थितींत वीस मैलांचा तो प्रवास पुढच्या लांबलचक आगगाडीच्या प्रवासाहून अधिक त्रासाचा होई. तेव्हां हें वीस मैलांचें अंतर लोखंडी रुळांनीं जोडावें, ही कल्पना निघणें स्वाभाविक होतें. प्रश्न होता तो खर्चाचा. मोठ्या मापाचा मार्ग बांधावयाचा तर तो फेडण्याइतकी वाहतूक या टापूंत मिळेल, असा भरंवसा कोणासहि वाटत नव्हता.

हा प्रश्न ज्यानें सोडविला त्या इंग्रज एंजिनियराचें नांव एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हा गृहस्थ १८५७ सालीं जन्मला व १८८२ च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीच्या नोकरींत हिंदुस्थानांत आला. लहान मापाच्या लोहमार्गांचा त्याला विशेष नाद होता. बार्शीच्या मार्गाची कल्पना त्यानें बरींच वर्षें मनाशीं धरून ठेवली, नोकरी सोडल्यावरहि तिचा पाठपुरावा केला, आणि अखेर १८९५ सालीं लंडन येथें 'बार्शी लाइट रेल्वे कंपनी' स्थापन झाली. बार्शी रोड ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ सालीं वाहतुकीस खुला झाला.

या मार्गाची रुंदी, म्हणजे दोन रुळांमधील अंतर, अडीच फूट ठेवण्यांत आली होती. मुख्य लोहमार्गाची रुंदी साडेपांच फूट. म्हणजे बार्शीचा मार्ग त्याच्या निम्म्याहूनहि अरुंद. परंतु अरुंदपणा हें कांहीं कॅलथ्रॉपच्या योजनेचें वैशिष्ट्य नव्हे. अरुंद मार्ग तत्पूर्वींहि झाले होते. त्यांवरून खेळण्यांतल्यासारखे लहान डबे व लहान इंजिनें चालत. कॅलथ्रॉपनें विचार केला तो वजनाच्या वांटणीचा. रुळावर एकूण भार किती पडतो यापेक्षां एका आंसाखालीं किती पडतो, याला महत्त्व आहे, हें त्यानें ओळखलें. दहा माणसांचें ओझें एकाच्याच डोक्यावर दिलें तर तो बसेल. तेंच दहाजणांत सारखें वांटलें तर सगळे चालत जातील. याच न्यायानें त्यानें असा नियम घातला कीं, इंजिन असो वा डबा असो, कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडतां कामा नये. आणि सर्व आंसांवर तो शक्य तितका सारखा पडावा.

या एका नियमामुळें दोन गोष्टी साधल्या. पहिली ही कीं, वाराला केवळ तीस पौंड वजनाचे हलके रूळ टाकूनहि काम भागलें, आणि रूळ हलके म्हणून पूल, भराव, स्लीपर हा सगळाच खर्च उतरला. दुसरी ही कीं, आंसांची संख्या वाढवून भलें मोठें इंजिनहि त्या हलक्या रुळांवरून नेतां येऊं लागलें. लीड्स येथील किटसन कंपनीनें बार्शीसाठीं बांधलेल्या पहिल्या इंजिनांस ओढणारीं चाकें आठ होतीं व मागें आधारास आणखी चार; म्हणजे एकंदर सहा आंस. मालाचे डबे दाबलेल्या पोलादी पत्र्यांचे, लांब व चौआंशी करण्यांत आले. त्यामुळें त्यांचें स्वतःचें वजन कमी आणि माल वाहण्याची शक्ति अधिक झाली. हीं इंजिनें व डबे हिंदुस्थानांत पाठविण्यापूर्वीं लीड्सजवळ मुद्दाम रूळ टाकून त्यांचा प्रयोग जाणत्या लोकांस दाखविण्यांत आला होता. अरुंद मार्ग म्हणजे दुय्यम प्रतीचा मार्ग, हा समज बार्शीच्या उदाहरणानें पुष्कळ अंशीं खोडून निघाला, आणि त्यानंतर हिंदुस्थानांत व इतरत्रहि अडीच फुटी मार्ग बांधतांना बार्शीचा दाखला पुढें येऊं लागला.

पहिल्या टप्प्याच्या यशानंतर मार्ग दोन्ही दिशांनीं वाढूं लागला. दक्षिणेकडे १९०६ सालीं तो पंढरपुरास पोंचला. पूर्वेकडे येडशीचा डोंगराळ भाग ओलांडून १९११ सालीं तो लातुरास गेला. पुढें बऱ्याच वर्षांनीं, १९२७ सालीं, पंढरपूर-सांगोला-मिरज हा अखेरचा टप्पा पूर्ण झाला आणि मार्गाची एकूण लांबी २०२ मैल, म्हणजे ३२५ किलोमीटर झाली. योगायोग असा कीं, कॅलथ्रॉपहि त्याच वर्षीं वारला. आयुष्याच्या उत्तरार्धांत त्यानें वैमानिकांसाठीं हवाई छत्री तयार करण्याच्या कामीं नांव मिळविलें होतें. पण महाराष्ट्रांत त्याची ओळख राहिली ती बार्शीच्या गाडीमुळें.

या गाडीनें माल किती वाहिला याचे हिशेब कंपनीच्या दप्तरांत राहिले. लोकांच्या स्मरणांत मात्र ती राहिली ती वारीची गाडी म्हणून. कुर्डुवाडी ते पंढरपूर हें अंतर सुमारें बत्तीस मैलांचें. मोठ्या गाडीनें लांबून आलेला वारकरी कुर्डुवाडीस उतरे आणि बार्शी लाइटमध्यें बसून विठ्ठलाच्या पायांशीं जाई. आषाढी-कार्तिकीस नेहमीचे डबे कधींच पुरत नसत. जादा गाड्या सोडाव्या, मालाच्या डब्यांतहि माणसें बसवावीं, तरी उरलेलीं माणसें टपावर चढावीं, हा प्रकार वर्षानुवर्षें चालला. दिंडीबरोबर पायीं येणारांची वारी निराळी. परंतु म्हातारीकोतारी, लेंकुरवाळ्या बायका आणि ज्यांना शेताच्या कामांतून चारच दिवस मोकळे काढतां येतात असे कुणबी, यांची वारी या लहानग्या गाडीनें साधून दिली, हें तिचें पुण्य मोठें आहे.

इतकें सगळें असूनहि या मार्गाच्या रचनेंतच एक दोष प्रारंभापासून होता. मार्ग बांधतांना जो स्वस्तपणा अरुंद मापानें मिळाला, त्याचें व्याज मार्ग चालवितांना द्यावें लागत होतें. अरुंद मार्गावरचा डबा रुंद मार्गावर जात नाहीं आणि रुंद मार्गावरचा अरुंदावर येत नाहीं. यामुळें लातुरास भरलेलें प्रत्येक पोतें कुर्डुवाडीस हमालांच्या पाठीवरून उतरून दुसऱ्या डब्यांत चढवावें लागे. या चढउतारींत वेळ जाई, मजुरी जाई, पोतीं फाटत, आणि मोठ्या मार्गाचा रिकामा डबा आला नाहीं तर माल तेथेंच पडून राही. मिरजेस तर साडेपांच फुटी, मीटर आणि अडीच फुटी असे तिन्ही मापांचे रूळ कित्येक वर्षें एकाच जंक्शनांत नांदत होते. तिन्ही गाड्या शेजारीं शेजारीं उभ्या राहत. पण एकीचा माल दुसरीच्या कामास यावयाचा तर माणसाच्या खांद्यावांचून गति नव्हती.

बैलगाडी हीच जोंवर प्रतिस्पर्धी होती तोंवर हा दोष खपून गेला. पुढें सडका सुधारल्या, मालमोटारी आल्या, आणि हिशेब फिरला. मालमोटार लातूरच्या अडतीच्या दारांत भरते ती मुंबईच्या वखारीच्या दारांतच उतरते. मध्यें कुर्डुवाडी लागत नाहीं. उतारूंसाठींहि राज्य परिवहनाच्या मोटारी गांवोगांव जाऊं लागल्या. १९५४ च्या १ जानेवारीस सरकारनें बार्शी लाइट रेल्वे विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेंत सामील झाली. मालक बदलला, पण माप तेंच राहिलें. पुढील चार दशकांत वाफेचीं इंजिनें जाऊन डीझेल इंजिनें आलीं, तरी गाडीचा वेग आणि बळ बेताचेंच राहिलें. गाडी रोज सुटत होती, स्टेशनांवर घंटा वाजत होत्या. परंतु व्यापाऱ्यानें तिच्याकडे पाठ फिरविली होती. गाड्या धांवत असतांनाच मार्ग निरुपयोगी होतो असें वर म्हटलें, तें यालाच अनुलक्षून.

अशा मार्गापुढें तीन वाटा असतात. एक, तो गुंडाळून टाकावयाचा. दुसरी, आहे तसाच जुन्या काळाची आठवण म्हणून जतन करावयाचा. तिसरी, त्याचा देह पालटावयाचा. तिन्हींचीं उदाहरणें समोर आहेत, आणि तीं एकमेकांशेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे बार्शीचा मार्ग तिसऱ्या वाटेनें कां गेला हें ध्यानांत येतें.

पहिल्या वाटेचें उदाहरण इंग्लंडांत आहे, आणि तें बार्शीच्या सख्ख्या बहिणीचें आहे. स्टॅफर्डशायर परगण्यांत लीक अँड मॅनिफोल्ड या नांवाचा अडीच फुटी मार्ग याच कॅलथ्रॉपच्या देखरेखीखालीं १९०४ सालीं सुरू झाला. त्या खोऱ्यांत वस्ती विरळ, वाहतूक मुख्यतः दुधाची. ती मोटारींनीं नेतांच मार्गाचा आधार तुटला आणि १९३४ सालीं तो बंद झाला. त्याचे रूळ काढून त्या जागेवर पायवाट करण्यांत आली. ज्या डोक्यांतून बार्शीची योजना निघाली त्याच डोक्यांतून हीहि निघालेली. पण तिचें आयुष्य तीसच वर्षांचें ठरलें.

दुसऱ्या वाटेचें उदाहरण माथेरानचें. आदमजी पीरभाय यांच्या घराण्याच्या पैशानें बांधलेला नेरळ-माथेरान मार्ग १९०७ सालीं सुरू झाला. त्याचें माप बार्शीहूनहि लहान, म्हणजे दोन फुटांचें आहे. २००५ च्या अतिवृष्टींत आणि पुन्हां २०१९ च्या पावसाळ्यांत तो वाहून गेला. दोन्ही वेळां तो दुरुस्त करण्यांत आला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्यें नेरळपासून माथेरानपर्यंतची गाडी फिरून सुरू झाली. तेथें मूळचेंच माप ठेवणें योग्य होतें. एक तर त्या डोंगराचीं तीव्र वळणें रुंद गाडीस घेतांच यावयाचीं नाहींत. आणि दुसरें असें कीं, माथेरानला जाणारा उतारू घाईंत नसतो. तेथें प्रवास हाच हेतु आहे.

बार्शीच्या मार्गावर या दोन्ही गोष्टी लागू नव्हत्या. तो बंद करावा तर सोलापूर, धाराशिव, लातूर व सांगली या जिल्ह्यांतील एवढा मोठा मुलूख रुळांवांचून राहतो. तो मौजेसाठीं जतन करावा तर लातूरचा तूरडाळीचा व्यापारी आणि पंढरपूरचा वारकरी हे मौजेसाठीं गाडींत बसत नाहींत. तेव्हां देह पालटणें एवढीच वाट उरली. १९९२ सालीं हिंदी रेल्वेनें सर्व देशांत शक्य तेथें एकच रुंद माप करण्याचें धोरण स्वीकारलें, आणि त्या धोरणाच्या ओघांत बार्शीच्या मार्गाचें रूपांतर हातीं घेण्यांत आलें. काम तुकड्यातुकड्यांनीं झालें. प्रथम कुर्डुवाडी-पंढरपूर हा वारीचा टप्पा एकविसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं रुंद झाला. नंतर २००७ व २००८ या वर्षांत लातूर ते कुर्डुवाडी. आणि सर्वांत शेवटीं पंढरपूर ते मिरज.

रुंद मार्ग म्हणजे जुने रूळ थोडे लांब सरकवून बसविणें नव्हे. अरुंद गाडी ज्या वळणावरून सहज वळे तेथें रुंद गाडी वळत नाहीं; ज्या पुलावरून पांच टनांचा आंस जाई तो पूल वीस टनांच्या आंसाखालीं तग धरीत नाहीं. म्हणून पूल नवे, भराव नवे, आणि पुष्कळ ठिकाणीं वाटहि नवी करावी लागली. यांत एका जुन्या अन्यायाचें परिमार्जन झालें. पूर्वीचा मार्ग धाराशिव शहर, ज्याला तेव्हां उस्मानाबाद म्हणत, बाजूस टाकून येडशीवरून परस्पर पुढें जात असे. जिल्ह्याचें मुख्य ठिकाण असूनहि त्याच्या वाट्यास आगगाडी आली नव्हती. नव्या आंखणींत मार्गाला वळण देऊन तो या शहरावरून नेण्यांत आला. तसेंच लातूर हें पूर्वीं मार्गाचें टोंक होतें. तेथें आलेली गाडी आल्या वाटेनें परत फिरे. आतां तेथून पुढें लातूर रोड या जंक्शनाशीं सांधा जुळल्यामुळें पश्चिम महाराष्ट्रांतून मराठवाड्यावरून थेट हैदराबादेकडे जाण्याची वाट खुली झाली.

या साऱ्या खटाटोपाची खरी परीक्षा पुढें २०१६ सालीं झाली, आणि ती कोणाच्याहि ध्यानींमनीं नव्हती अशा रीतीनें झाली. लागोपाठच्या अवर्षणांनीं त्या वर्षीं मांजरा धरण कोरडें पडलें. लातूर शहराची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतींत ३ लाख ८२ हजारांवर होती. एवढ्या माणसांच्या नळाला पाणी उरलें नाहीं. पाण्याच्या टांक्यांजवळ तंटे होऊं नयेत म्हणून मार्च महिन्यांत जमावबंदीचा हुकूम लावण्याची पाळी अधिकाऱ्यांवर आली. आसपासच्या मुलुखांतहि पाणी नव्हतें. म्हणून टँकर पाठवावयाचे तर कोठें, हाच प्रश्न होता. पाणी होतें तें कृष्णेच्या खोऱ्यांत, मिरजेस. आणि मिरज व लातूर यांना जोडणारा धागा होता तो हाच जुना बार्शीचा मार्ग.

राजस्थानांतील कोटा येथें तेल वाहण्याचे डबे वाफेनें धुवून स्वच्छ करण्यांत आले आणि मिरजेकडे रवाना झाले. मिरजेस नळ टाकून ते डबे भरण्याची व्यवस्था झाली. ११ एप्रिल २०१६ रोजीं दहा डब्यांची पहिली गाडी सुमारें पांच लाख लिटर पाणी घेऊन निघाली आणि सुमारें ३४० किलोमीटर अंतर तोडून दुसऱ्या दिवशीं पहाटे लातुरास दाखल झाली. लोकांनीं तिला 'जलदूत' म्हटलें. थोड्याच दिवसांत पन्नास डब्यांची गाडी सुरू झाली. ती एका खेपेस पंचवीस लाख लिटर पाणी आणी. पावसाळा सुरू होऊन स्थिति सुधारेपर्यंत या खेपा चालल्या.

या ठिकाणीं थोडा हिशेब करून पाहणें उद्बोधक होईल. पंचवीस लाख लिटर म्हणजे अडीच हजार टन पाणी. जुन्या मार्गावर चार आंसांच्या डब्याचा एकूण भार वीस टनांपलीकडे जाऊं शकत नसे. त्यांतून डब्याचें स्वतःचें वजन वजा केलें तर पाण्याच्या वांट्यास फार तर पंधरा टन येतील. म्हणजे रुंद मार्गाच्या एका गाडीचें काम करण्यास अरुंद मार्गावर सुमारें १६७ डबे लागले असते. एवढे पाण्याचे डबे त्या मापांत कोठेंच नव्हते, आणि एखाद्या मोठ्या संकटांत ते एकाएकीं बनवितांहि आले नसते. कोट्याचा डबा मिरजेस आला, कारण कोट्यापासून मिरजेपर्यंत आणि मिरजेपासून लातुरापर्यंत सारा मार्ग एकाच मापाचा होता. अडचणीच्या वेळीं सगळ्या देशाचें रेल्वेचें सामान एका जिल्ह्याच्या कामास येऊं शकलें, हा एका मापाचा खरा लाभ होय.

या गाडीनें लातूरची तहान भागली असें म्हणणें मात्र अतिशयोक्तीचें होईल. पंचवीस लाख लिटर पाणी तेवढ्या लोकवस्तींत वांटलें तर माणशीं साडेसहा लिटर येतें. म्हणजे एक कळशीहि पुरती भरत नाहीं. ज्या शहराला रुळांवरून पाणी आणावें लागलें, त्याची पाण्याची चिंता रुळांनीं मिटली असें कोणीं समजूं नये. ती चिंता धरणांचें नियोजन, विहिरींचें पुनर्भरण आणि पिकांची निवड यांनींच मिटावयाची आहे. आगगाडीनें केलें तें एवढेंच कीं, मरणाचे दोन-चार महिने तिनें निभावून नेले. पण निभावून नेणें हेंहि लहान काम नव्हे. त्या महिन्यांत गांव सोडून गेलेला माणूस पुढच्या पावसाळ्यांत परत येतोच असें नाहीं.

पाण्याची गाडी हा प्रसंग झाला. नित्याच्या व्यवहारांतहि नव्या मार्गाचा उपयोग दिसूं लागला. सांगोला तालुका डाळिंबांसाठीं प्रसिद्ध आहे. हा माल नाशवंत. वेळेवर पोंचला तर सोनें, नाहीं तर माती. २०२० सालीं शेतमालासाठीं 'किसान रेल' नांवाच्या खास गाड्या निघाल्या, आणि त्यांतील शंभरावी गाडी २८ डिसेंबर २०२० रोजीं सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालीमार येथें जाण्यास निघाली. ज्या सांगोल्याच्या अरुंद रुळांवरून जुन्या काळीं मालाला मिरजेस वा कुर्डुवाडीस उतरावें लागे, तेथें भरलेला डबा कोठेंहि न उतरतां देशाच्या दुसऱ्या टोंकास गेला. त्याचप्रमाणें लातुरास रेल्वेचे डबे बांधण्याचा कारखाना उभारण्यांत आला. त्याची कोनशिला मार्च २०१८ मध्यें बसली आणि डब्याचा पहिला सांगाडा डिसेंबर २०२० मध्यें तयार झाला. अरुंद मार्गाच्या टोंकाशीं असा कारखाना निघणें शक्यच नव्हतें, कारण तेथें बांधलेला डबा तेथून बाहेर कसा न्यावयाचा, हाच प्रश्न पडला असता. आणि फेब्रुवारी २०२३ मध्यें मध्य रेल्वेच्या सर्व रुंद मार्गांचें विद्युतीकरण पुरें झालें, तेव्हां शेवटीं राहिलेला तुकडा औसा रोड ते लातूर रोड हा होता. ज्या मार्गावर सर्व सुधारणा उशिरानें आल्या, तेथें हीहि शेवटींच आली, पण आली.

या लाभांबरोबर हानीचाहि विचार केला पाहिजे, नाहीं तर चित्र एकांगी होईल. रूपांतराच्या काळांत त्या त्या टप्प्यावरील गाड्या बंद राहिल्या, आणि त्या अवधींत ज्यांची मोटारीचें भाडें देण्याची ऐपत नव्हती त्यांचे हाल झाले. जुनी गाडी मंद होती, म्हणूनच ती लहान गांवांची होती. ती वाडीवस्तीपाशींहि थांबे, आणि दूधवाला, भाजीवाली, शाळेचीं मुलें यांस घेऊन पुढें जाई. वेगवान गाडी थांब्यांची कंजुषी करते. लांबच्या उतारूची सोय जितकी वाढते तितकी जवळच्याची कमी होते, हा सगळ्याच सुधारलेल्या मार्गांवरील अनुभव आहे. तिसरी हानि स्मृतीची. आशियांतील अरुंद मार्गांस ज्या गाडीनें वळण लावलें, तिचीं इंजिनें, डबे, नकाशे व कागदपत्रें यांचें एकत्रित जतन कुर्डुवाडीसारख्या तिच्या मूळस्थानीं व्हावें, ही अपेक्षा रास्त आहे. तेथें रेल्वेचा जुना कारखाना आहे, जागा आहे, आणि हातांत कसब असलेल्या कामगारांची परंपरा आहे.

यावरून जुन्या लोहमार्गांच्या पुनरुज्जीवनाविषयीं एक साधा नियम काढतां येतो. प्रथम त्या मार्गाचें कार्य कोणतें हें ठरवावें. त्याचे रूळ, इंजिनें व माप हीं त्या कार्याचीं साधनें आहेत. कार्य जर उतारूस निसर्ग दाखविणें हें असेल, तर माथेरानप्रमाणें साधनें जुनींच ठेवणें शहाणपणाचें. कार्य जर माणसें व माल पोंचविणें हें असेल, तर साधनें बदलण्यास कचरूं नये. आणि साधनें बदलतांना ज्यांचे थांबे जातात, ज्यांच्या पायांखालची वाट जाते, त्यांची दुसरी सोय आधीं करावी. विदर्भांत अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ हा 'शकुंतला' नांवाचा असाच अडीच फुटी मार्ग आहे, आणि तेथील लोक त्याच्या पुनरुज्जीवनाची मागणी करीत आले आहेत. ही मागणी ज्यांच्यापुढें निर्णयासाठीं जाते त्यांनीं बार्शीच्या मार्गाचा जमाखर्च अवश्य पाहावा. त्यांत जमेच्या बाजूस कोट्याहून आलेला पाण्याचा डबा आहे आणि सांगोल्याहून गेलेलें डाळिंब आहे. खर्चाच्या बाजूस बंद झालेल्या थांब्यावर उभी असलेली भाजीवाली आहे. दोन्ही बाजू मांडूनच बेरीज करावी लागते.